याडीचा अंगठा

वर्धा
११ ऑगस्ट २०२४

बबिता,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. फोनच केला असता, पण ओमच्या तेराव्यापासून तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. बरोबरच केलंस. तुझा पत्ता होस्टेलच्या जयाकडून मिळाला. तू उपकेंद्रावर नर्स आहेस आणि तांड्यातच राहतेस, एवढंच ती म्हणाली. मी इथे ज्युनिअर कॉलेजला शिकवते.

कामाचंच लिहिते. येत्या डिसेंबरात अमरदादाला आत जाऊन चौदा वर्षं होतील. जन्मठेपेच्या कैद्याला त्यानंतर सरकार सोडू शकतं. सोडलंच पाहिजे असं नाही, पण अर्जाचा विचार होतो. त्यासाठी तुरुंगाचा अहवाल मागवतात, शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत मागवतात आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं म्हणणं विचारतात. म्हणजे तुमचं. ठाण्यातून कोणीतरी तुमच्याकडे येईल.

बाबांना मार्चमध्ये लकवा मारला. डावी बाजू पूर्ण गेली आहे. बोललेलं अर्धंच कळतं, आणि जे कळतं त्यात बहुतेक दादाचं नाव असतं. दादाही पूर्वीचा राहिलेला नाही. मी भेटायला जाते तेव्हा खालमानेनं बसतो, सुतारशाळेत काम करतो, आवाज चढवत नाही.

तुम्ही हरकत घेऊ नये, एवढंच मागते. तो गावात राहणार नाही, मी त्याला वर्ध्याला घेऊन येईन. सुटला की आधी तुमच्या दारी येईल, लालीकाकूंच्या पाया पडेल आणि मग आमच्या घरी जाईल. कसला गाजावाजा होणार नाही. हा माझा शब्द.

तुझी (असं लिहू का?)
निकिता


तांडा, ता. आर्णी
३ सप्टेंबर २०२४

निकिता,

पत्र मिळालं. फोन करू नको. तुझा आवाज ऐकला की मला होस्टेल आठवत नाही, ती दुपार आठवते.

तुझ्या पत्रात ओमचं नाव एकदाच आलं, तेही तेराव्याचा हिशेब सांगायला. म्हणून मी लिहिते. आमच्या बकऱ्या तुमच्या तुरीत शिरल्या होत्या, हे खरं. अमरनं बाजाराच्या दिवशी चारचौघांत माझ्या बाच्या थोबाडीत मारली. ओम तुमच्या खळ्यावर विचारायला गेला, “माह्या बापाले काहून मारलं?” त्याच्या हातात काही नव्हतं. अमरनं बंडीची लाकडी उभारी उपसली. निकाल वाचताना न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या, पहिला घाव रागाचा असेल, पण माणूस पडल्यावर घातलेल्या घावांना राग म्हणता येत नाही. मी तेव्हा कोर्टात उभी होते. इतक्या वर्षांत हे वाक्य विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

ठाण्यातून जमादार आला होता. बा त्याचं ऐकूनच घेत नव्हता, उठून वावरात गेला. याडी खाटेवर ज्वारी निवडत होती. तिनं तुझं पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, “सदाशिवराव बोलत नाई म्हंते?”

“नाही.”

“पोराचं नाव घेते?”

“हो.”

ती बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, “मी बी ओमचं नाव घेऊन राह्यली इतके वर्सं. माह्याले कोनी आनून देत नाई. त्याचा येऊ शकते त येऊ दे.” आणि जमादारापुढं अंगठा धरला.

मी अडवायला गेले, ती ऐकेना. आई आहे माझी, पण त्या वेळी मला तिचा हात पिरगाळावासा वाटला, हेही तुला सांगते. तिची एकच अट आहे. ती मला म्हणाली, “पाया नको म्हना पडू. माह्यासमोर उभा राहाय म्हना अन् डोये वर करून पाहाय म्हना.”

त्या दिवसापासून बा तिच्या हातचं जेवत नाही. मी वाढते. “माह्या पोराचं रक्त तू अंगठ्यानं पुसलं,” एवढंच तो तिला बोलला.

बबिता


वर्धा
३० जानेवारी २०२५

प्रिय बबिता,

तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानू? २६ जानेवारीला दादा सुटला. सगळं साधेपणानं झालं. मामांनी चार माणसं सोबत नेली होती, तेवढंच. बाबांनी त्याला पाहिलं आणि नुसते रडत राहिले.

त्या दिवशी दादाला तांड्यावर यायला जमलं नाही. बाबांची तब्येत, माणसांची ये-जा, यातच दिवस गेला. पुढच्या आठवड्यात तो नक्की येईल. काकूंना सांग.

तुझी
निकिता


तांडा
६ फेब्रुवारी २०२५

निकिता,

साधेपणानं?

तू वर्ध्याहून लिहितेस म्हणून इथलं आम्हाला दिसत नाही, असं तुला वाटलं का? गाव आणि तांडा यांच्यात एक फाटा आहे. सुटायची तारीख ठाण्यातून कळली होती. त्या दिवशी सकाळपासून याडी त्या फाट्यावर उभी होती. तुझ्या शब्दावर उभी होती. लग्नाकार्यात घालते तो फेटिया-कांचळीचा पोशाख काढला होता. मी म्हटलं, “याडी, कायले एवढं?” तर म्हणे, “पोट्टा चौदा वर्सानं येऊन राह्यला, फाटक्यात कशी उभी राहू?”

आधी डीजे आला. मागून उघडी जीप, तिच्यात अमर. गळ्यात एवढे हार की हनुवटी दिसत नव्हती. शेजारी तुझा मामा, आणि येत्या निवडणुकीत उभा राहणार आहे तो पुढारी. पोरं गुलाल उधळत होती. फाट्यावर जीप हळू झाली. अमरनं हात हलवला. याडीला वाटलं, तिलाच बोलावतोय. ती दोन पावलं पुढं गेली. जीप निघून गेली. गुलाल तिच्या ओढणीवर पडला.

तिनं तिथं रडणं-ओरडणं केलं नाही. घरी आली आणि पोशाख उतरवून ठेवला. बाच्या समोर जायची तिला लाज वाटत होती. माझ्या आईला लाज वाटत होती, निकिता! कोणाच्या वाटची?

रात्रीपर्यंत व्हिडिओ सगळ्या तांड्याच्या मोबाईलवर आला. तुमच्या दारात अमरला ओवाळताना ताट तुझ्या हातात आहे. तू हसत नव्हतीस, हे मी पाहिलं. पण ताट तुझ्याच हातात होतं.

बा कोर्टात जाणार आहे. यवतमाळच्या वकिलांनी माहिती काढली. कोर्टानं दिलेलं मत ‘अद्याप सोडू नये’ असं होतं. ते फाईलला लावलेलं आहे. तरी सोडलं.

आता पत्र पाठवू नको.

बबिता


वर्धा
२३ फेब्रुवारी २०२५

बबिता,

पाठवू नको म्हणालीस, तरी पाठवते. वाचलं नाहीस तरी चालेल.

मिरवणुकीचं मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं. मामांनी डीजे ठरवला होता. मी म्हटलं, “मामा, मी तांड्यावर शब्द दिलाय.” ते म्हणाले, “पोरगं चौदा वर्षांनी घरी येतंय. चोरासारखं आणू का?” तुला कळवायला माझ्याकडे रात्र होती. काकूंना फाट्यावर येऊ देऊ नको, एवढा निरोप जयाकडून पोचला असता. मी तो पाठवला नाही. ऐनवेळी काहीतरी होऊन ते टळेल, असं मनाला समजावत राहिले. सकाळी मावशीनं ताट हातात दिलं आणि मी ते धरलं. खाली ठेवलं असतं तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. त्या नजरा टाळायला मी ओवाळलं. आणि नंतर तुला ‘साधेपणानं’ लिहिलं.

वर्गात मुलं प्रश्न विचारतात आणि मला त्यांच्याकडे पाहवत नाही. कोणाला काही माहीत नाही इथे, तरीही.

तुझं पत्र आल्यावर मी गावी गेले. दादा ओसरीवर बसला होता. पुढाऱ्याची दोन माणसं चहा पीत होती. ती गेल्यावर म्हटलं, “तांड्यावर कधी जायचं?”

“कशाला?”

“तू जाणार असं मी कबूल केलंय.”

“तू केलंस ना? मी नाही केलं. शिक्षा भोगली मी. सरकारनं माफ केलं. आता अजून कोणाकोणाच्या दारी जाऊ?”

“सरकारनं कशाच्या जोरावर माफ केलं, दादा? लालीकाकूंनी अंगठा दिला म्हणून.”

“अंगठा नसता तरी मामानं केलंच असतं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मला कळलं की तुमच्याकडे मी पत्रातून जे मागितलं, ते यांना लागणारच नव्हतं. फाईलला शोभा यावी म्हणून लागत होतं.

तुमचा अर्ज मागे घ्या, असं मी म्हणणार नाही. मामा म्हणायला सांगतायत. मी म्हणणार नाही.

निकिता


तांडा
१२ ऑक्टोबर २०२५

निकिता,

तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचलं होतं. उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आज देते, कारण निकाल लागून दोन आठवडे झाले, आणि तो तुला आधीच कळला असला तरी कोर्टात काय झालं ते माझ्याकडून कळावं असं याडीचं म्हणणं आहे.

सुनावणीला आम्ही तिघं नागपूरला गेलो होतो. सरकारी वकील म्हणाले, शिक्षा देणं कोर्टाचं काम, माफी देणं सरकारचं, त्यात कोर्टानं पडू नये. मग त्यांनी याडीचा अंगठा असलेला कागद वर धरला. “खुद्द मयताच्या आईनं माफ केलं आहे, साहेब.” याडीनं पदर तोंडावर ओढून घेतला. भर कोर्टात सगळे वळून तिलाच पाहत होते. बानं दुसरीकडं पाहिलं.

दोन न्यायाधीश होते. त्यातल्या ज्येष्ठांनी विचारलं, “आजी, हा अंगठा तुमचा?”

“हो.”

“कोणी जबरदस्ती केली होती?”

“नाई.”

“आज तुमचं काय म्हणणं आहे?”

आमच्या वकिलांनी तिला गाडीत समजावलं होतं की फसवून घेतला म्हणायचं. ती म्हणाली, “तवा देला थो खरा होता. खोटा कशी म्हनू?”

वकिलांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं. पण निकाल दुसऱ्याच गोष्टीवर लागला. न्यायाधीश म्हणाले, सोडायचा अधिकार सरकारचा आहे, तो आम्ही काढून घेत नाही. पण ज्या कोर्टानं साक्षीपुरावा पाहिला, त्याचं मत मागवायचं, ते ‘नाही’ म्हणतंय हे वाचायचं, आणि ते का मानलं नाही याचा एक शब्द लिहायचा नाही, याला विचार केला म्हणत नाहीत. आदेश रद्द. अमरनं दोन आठवड्यांत हजर व्हायचं. सरकारनं पाहिजे तर नव्यानं, नीट विचार करावा.

मुदत काल संपली. अमर हजर झालेला नाही. पोलीस तांड्यावर बसलेत, आमच्या राखणीला म्हणे. याडीनं त्यांना चहा नेऊन दिला.

तो कुठं आहे हे तुला ठाऊक असेल असं बाला वाटतं. मी काही विचारत नाही. तुझं तुला.

बबिता


वर्धा
९ नोव्हेंबर २०२५

बबिता,

मला ठाऊक होतं.

तुझं पत्र मिळालं त्याच आठवड्यात मी गावी गेले. पोलीस आमच्या अंगणात आले. मामा म्हणाले, “आम्हाला काही कल्पना नाही.” फौजदारानं बाबांना विचारलं. बाबांचं बोलणं त्याला कळलं नाही. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाबा उजवा हात खाटेवर आपटत होते, सांगू नको म्हणून. ते मात्र मला स्वच्छ कळत होतं.

मी सांगितलं. “दारव्ह्याजवळ, मामांच्या शेतातल्या घरी.”

मामा अंगावर धावून आले. मी फौजदाराला म्हटलं, मी सोबत येते, माझ्याबरोबर तो मुकाट्यानं येईल. आणि तो आला. शेतातल्या घरी खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली. मला पाहून म्हणाला, “तू सांगितलं?”

“हो.”

त्यानं चपला घातल्या.

गाडीत आम्ही मागे बसलो. यवतमाळ मागे पडलं तेव्हा तो आपणहून बोलला. मी जसंच्या तसं लिहिते. “फाट्यावर लालीकाकू उभी होती. मी पाहिलं. लांबूनच ओळखलं. ड्रायव्हरला थांब म्हणायला तोंड उघडलं होतं. मामा म्हणे, हात हलव. मी हात हलवला.” मग म्हणाला, “सुटल्यापासून झोप नाही. आत यायची. आत सगळे माझ्यासारखेच.”

“हे काकूंना लिही,” मी म्हटलं.

“मला तोंड नाही. तू लिही.”

“नाही दादा. एकदा तुझ्या वतीनं लिहिलं, ते पुरे झालं.”

तरी मी आता तुला लिहितेच आहे. त्याच्या वतीनं नाही. आपल्या दोघींत काही लपवायचं नाही म्हणून. तुरुंगाच्या दरवाजातून आत जाताना त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

बाबा त्या दिवसापासून माझ्याकडे पाहत नाहीत. मी भरवायला गेले की तोंड मिटून घेतात, शेजारच्या मानीबाईच्या हातचं खातात. सांगायला एवढा उशीर केला म्हणून तुमच्यासमोर मान वर होत नाही. आणि सांगितलं म्हणून त्यांच्यासमोर होत नाही. माझी तक्रार नाही. तुझ्या बाच्या पानात तू वाढतेस असं एकदा लिहिलं होतंस, तेव्हा ते मी नुसतं वाचलं होतं. आता कळतं.

निकिता


तांडा
१८ जानेवारी २०२६

प्रिय निकिता,

सदाशिवकाका गेल्याचं कळलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही येऊन गेलो. तुझी मावशी म्हणाली, निकिता घरात नाही. पण तू आतल्या खोलीत होतीस. दाराच्या फटीतून तुझी साडी दिसली. याडीनंही पाहिली. आम्ही तासभर बसलो, म्हणजे तुला यावंसं वाटलं तर यावं. बा पण आला होता. आत नाही आला, फाटकाजवळ उभा राहिला. पण चालत आला होता, आणि परतताना याडीसाठी वाटेत दोनदा थांबला. घरी आल्यावर त्यानं तिला ताट वाढायला सांगितलं. एवढ्या महिन्यांनी. तिनं भाकरी दोन जास्त केल्या.

अमरला पोलिसांनी अग्नी द्यायला आणलं होतं, असं ऐकलं.

आता दुसरी गोष्ट. परवा जमादार पुन्हा आला. सरकार नव्यानं विचार करतंय, म्हणून पुन्हा याडीचं म्हणणं पाहिजे. तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, हात हलवल्याचं सुद्धा. मला वाटलं, आता ती साफ नाही म्हणेल. ती जमादाराला म्हणाली, “माफी मी त्याले कवाच देली. थे वापस घेत नाई. पन किती वर्सं ठेवाचं थे न्यायाधीशाले विचारा, सरकारले विचारा, तुमी आपसात बोला. मले दरवक्ती कायले विचारता? माय हाव मी. मी हो म्हनलं त तुमी डीजे वाजवता, मी नाई म्हनलं त थो माह्यामुळं सडला म्हनता.”

“आजी, पण हरकत आहे का नाही, एवढं सांगा.”

“सांगतलं ना.”

त्यानं कागदावर लिहिलं, ‘मत दिले नाही.’ मी वाचून दाखवलं. याडी हसली. खरंच हसली. “मत त देलं. याहिच्या कागदावर लिवाले जागा नाई, त मी काय करू?” अंगठा तिनं दिला नाही.

सरकार काय करेल माहीत नाही. वकील म्हणतात, आणखी काही वर्षं लागतील. बाला अजून वाटतं की मरेपर्यंत आत राहावा. मला काय वाटतं ते रोज बदलतं. उपकेंद्रात बाळंतपणाला बाई आली की कोणाचं लेकरू कसं निघेल याचा विचार येतो, मग मी हात धुऊन कामाला लागते.

तुमच्याकडून निघताना तुझी मावशी याडीला म्हणाली, पोरगी बापासाठी एक टिपूस रडली नाही, दगड झाली आहे. वाटेत याडी मला म्हणाली, “आपल्या भेवानं रडून नाई राह्यली थे पोट्टी. आपलं गेलं त तिनं कोन्या तोंडानं रडावं, असं वाटत असन तिले. लिव तिले, बाप गेला तुहा. रडून घे म्हना. आमची लाज नको धरू.”

तिनं सांगितलं तसं लिहिलं. यात माझा शब्द एकही नाही, पण लिहिताना माझा हात थांबला नाही, एवढं तुला सांगते.

पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. वर्ध्याहून सकाळची एसटी धर, आर्णीच्या स्टँडवर उतर. मी गाडी घेऊन येते. याडी विचारत होती, तू तिखट खातेस का अजून.

तुझी
बबिता